कागदावरचा एक्स-रे आणि ठिपक्यांचा हिशेब

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या बाजूने नाशिकला मोठ्या डॉक्टरांकडे दाखवायला येणाऱ्या पेशंटच्या पिशवीत पूर्वी एक मोठे, कडा मळलेले पाकीट असे. त्यात निळसर काळी फिल्म. डॉक्टर ती दिव्याच्या पेटीवर लावत, पेटी नसेल तर खिडकीच्या उजेडाकडे धरत. आता बऱ्याच ठिकाणी त्या पाकिटाची जागा ए-फोर आकाराच्या साध्या कागदाने घेतली आहे. एक्स-रे यंत्रातून थेट संगणकावर येतो आणि टेबलावरच्या लेझर प्रिंटरमधून छापून पेशंटच्या हातात पडतो. कागद स्वस्त असतो, लगेच मिळतो, चार घड्या करून खिशातही मावतो.

अडचण होते ती पुढच्या डॉक्टरांसमोर. कागद हातात घेऊन ते जरा तिरका करतात, उजेडात धरतात आणि विचारतात, "फिल्म नाही का? सीडी दिली असेल ना?" दोन्ही नसेल तर पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात. बरोबर आलेल्या नातेवाइकांच्या मनात लगेच पाल चुकचुकते. फोटो तर स्वच्छ दिसतो आहे, बरगड्या मोजता येत आहेत, मग पुन्हा कशासाठी? हा पैसे काढायचा धंदा तर नाही?

प्रत्येक वेळी या शंकेचे उत्तर एकच असेल असे नाही. पण त्या कागदाकडे पाहून डॉक्टरांचे समाधान का होत नाही, याला छपाईच्या शास्त्रात एक पक्के कारण आहे. ते कारण आजचे नाही, सव्वाशे वर्षांहून जुने आहे, आणि ते शोधायला लांब जावे लागत नाही. हातातल्या वर्तमानपत्राचे पान पुरते.

एखादे चांगले भिंग घ्या आणि पानावरचे एखादे कृष्णधवल छायाचित्र त्याखाली धरा. चेहऱ्यावरची करडी सावली पाहता पाहता नाहीशी होते आणि उरतात फक्त काळे ठिपके. केसांच्या जागी ठिपके इतके जाड की एकमेकांत मिसळून गेलेले, कपाळावर ते मोहरीपेक्षा कितीतरी बारीक. करडा रंग कुठेच नाही. तो तिथे नव्हताच. वर्तमानपत्राच्या छपाईयंत्राकडे काळी शाई असते आणि कागद पांढरा असतो. एखाद्या जागी शाई लागते किंवा लागत नाही, एवढेच त्याला जमते. चित्रकार पाणी घालून रंग पातळ करतो तशी शाई जागोजागी पातळ करण्याची सोय त्यात नाही. लेझर प्रिंटरचेही तेच. त्याची काळी पूड कागदावर भाजली जाते किंवा जात नाही.

मग छायाचित्र छापायचे कसे? एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न जगभरच्या छापखान्यांना छळत होता. खिळे जुळवून मजकूर छापता येई, लाकडावर कोरून रेघांचे चित्र छापता येई, पण फोटो छापता येत नसे. कोरक्या फोटोसमोर बसून त्याचे रेघांत रूपांतर करी आणि तेच लोक फोटो म्हणून पाहत. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक' या दैनिकाने एका झोपडवस्तीचे छायाचित्र जाळीतून छापून दाखवले. १८८२ मध्ये म्युनिकच्या गेओर्ग माइझेनबाख यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या लेव्ही बंधूंनी काचेवर आडव्याउभ्या बारीक रेघा कोरून, त्यांत काळा रंग भरून नेमक्या मापाच्या जाळ्या तयार केल्या आणि हाफटोनचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला.

कृती अशी होती. कॅमेऱ्यात निगेटिव्हच्या किंचित पुढे ही काचेची जाळी बसवायची आणि तिच्यातून मूळ फोटोचा फोटो घ्यायचा. जाळीचे प्रत्येक घर सुईच्या छिद्रासारखे काम करते. उजेड जास्त असेल तिथे निगेटिव्हवर मोठा ठिपका उमटतो, कमी असेल तिथे लहान. त्यावरून तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर प्रतिमा उतरवून पत्रा आम्लात कोरला की ब्लॉक तयार. त्यावर उलटा हिशेब दिसतो. मूळ फोटोत अंधार तिथे जाड ठिपका, उजेड तिथे बारीक. दोन ठिपक्यांच्या मध्यबिंदूंतले अंतर सगळीकडे सारखे, बदलतो तो फक्त ठिपक्याचा आकार. जाळी आणि काच यांतले अंतर केसभर चुकले तरी सगळा ब्लॉक बिघडे, त्यामुळे ब्लॉक करणारा माणूस छापखान्यातला नुसता मजूर नसे. तो छायाचित्रकार, रसायनांचा जाणकार आणि कारागीर असे तिन्ही एकत्र असावा लागे.

नाशिक जिल्ह्याने या विद्येचा एक मोठा जाणकार दिला, पण त्याचे नाव आज दुसऱ्याच कारणासाठी घेतले जाते. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. सिनेमा करण्याआधी दादासाहेबांची उमेदीची वर्षे कॅमेरा आणि छपाई यांतच गेली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते बडोद्याच्या कलाभवनात गेले आणि तिथल्या प्रयोगशाळेत छायाचित्रणाबरोबर हाफटोन ब्लॉक, फोटोलिथो हे सारे शिकले. तीनरंगी ब्लॉक करण्याचे शिक्षण घ्यायला ते रतलामला राहिले. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला, प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गमावले, १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली आणि ती सोडून लोणावळ्यात छपाईचा स्वतःचा कारखाना उभारला. राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या प्रती काढणाऱ्या छापखान्याचे काम ते करत. हाच कारखाना पुढे दादरला जाऊन लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाला. रंगीत छपाईची नवी तंत्रे पाहण्यासाठी १९०९ मध्ये त्यांनी जर्मनी गाठली. भागीदारांशी बिनसले म्हणून त्यांनी हा धंदा सोडला. तो सोडला नसता तर 'राजा हरिश्चंद्र' कोणी केला असता, हे सांगणे कठीण आहे.

सिनेमाकडे वळताना त्यांनी पहिला प्रयोग केला तो वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा. रोज थोडे थोडे चित्रण करून महिनाभराची वाढ त्यांनी पडद्यावर काही क्षणांत दाखवली. हाफटोनमध्ये जागेत विखुरलेले ठिपके डोळा जोडून घेतो, सिनेमात वेळेत विखुरलेली चित्रे जोडून घेतो. ब्लॉक करणाऱ्या माणसाला सिनेमा पाहताच भुरळ पडावी, यात फारसे नवल नाही. याच धडपडीच्या काळात डोळ्यांवर इतका ताण आला की काही दिवस त्यांना दिसेनासे झाले होते. उपचारांनी दृष्टी परत आली. नंतर त्यांनी आपली चित्रपटनिर्मिती नाशिकला आणली आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधनही नाशिकलाच झाले.

त्याच सुमारास कलकत्त्यात दुसरा एक भारतीय याच जाळीवर डोके चालवत होता. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १८९५ मध्ये स्वतःचा ब्लॉकचा कारखाना काढला आणि ठिपका नेमका कसा बनतो, जाळी किती अंतरावर ठेवावी, याचे गणित मांडणारे लेख लंडनच्या 'पेनरोज' वार्षिकात लिहिले. जगभरचे ब्लॉकवाले ते वार्षिक वाचत असत. त्यांचा नातू सत्यजित राय. ब्लॉकच्या धंद्यापासून सिनेमापर्यंतची वाट दोन्हीकडे निघावी, हा योगायोग गमतीचा आहे.

आता डोळ्याकडे. चष्म्याच्या दुकानात सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता असतो. त्यातली ६/६ ची ओळ वाचता आली की नजर ठीक, असे सांगतात. त्या ओळीतल्या अक्षराची एक रेघ सहा मीटरवर पावणेदोन मिलिमीटर जाड असते. कोनाच्या भाषेत एक अंशाचा साठावा भाग. याहून बारीक रेघा आणि त्यांच्यामधल्या फटी सामान्य डोळ्याला वेगळ्या दिसत नाहीत, कारण पडद्यावरच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी आणि डोळ्यातले भिंग यांची क्षमता साधारण तिथेच संपते. हाच कोन वाचनाच्या अंतरावर, म्हणजे ३० सेंटिमीटरवर आणला तर एक काळा ठिपका आणि त्यालगतची पांढरी फट मिळून ०.१७५ मिलिमीटर भरते. इंचाला साधारण १४५ ठिपके. याहून दाट ठिपके असले की डोळा ते मोजू शकत नाही, सरासरी काढतो, आणि ती सरासरी म्हणजे आपल्याला दिसणारा करडा रंग.

गुळगुळीत आर्टपेपरवरची मासिके इंचाला १५० रेषांच्या जाळीने छापतात, ती उगीच नव्हे. वर्तमानपत्रात ८५ ते ११० रेषांची जाळी वापरायची पद्धत आहे. ८५ रेषांच्या जाळीत ठिपके ०.३ मिलिमीटरवर असतात. ३० सेंटिमीटरवरून तरुण, निरोगी डोळ्याला ते ओझरते जाणवतात, पण पान अर्ध्या मीटरपलीकडे धरले की विरघळतात. चाळिशी लागलेला आणि अजून चष्मा न घेतलेला माणूस पेपर हात लांब करून वाचतो, तेव्हा मजकुरासाठी त्याची कितीही कसरत होवो, फोटो मात्र त्याला बऱ्यापैकी गुळगुळीत दिसतो.

आणखी एक बारकावा. भिंगाखाली नीट पाहिले तर ठिपक्यांच्या रांगा आडव्याउभ्या नसतात, ४५ अंशांत तिरक्या असतात. माणसाचा डोळा आणि मेंदू आडव्या व उभ्या रेघा चटकन पकडतात, तिरक्या रेघांच्या बाबतीत ते थोडे कमी पडतात. छापखान्यांनी अनुभवाने हे ओळखले आणि काळ्या शाईची जाळी तिरकी करून टाकली. पान ४५ अंशांत फिरवून धरा, त्याच फोटोतली जाळी जरा जास्त ठळक होईल.

मग वर्तमानपत्रेही १५० ची जाळी का वापरत नाहीत? कारण कागद. न्यूजप्रिंट टीपकागदाच्या जवळचा असतो, शाईचा ठिपका त्यावर पसरतो. प्लेटवर ज्या जागी निम्मा भाग काळा आहे, तिथे छापून आल्यावर तीन चतुर्थांश भाग काळा झाल्यासारखा दिसतो. ठिपके जितके बारीक आणि दाट, तितकी त्यांच्या कडांची एकूण लांबी जास्त आणि तितका पसाराही जास्त. बारीक जाळी न्यूजप्रिंटवर छापली तर फोटो सुधारण्याऐवजी सावल्यांचा चिखल होतो. म्हणून प्लेट करतानाच मधल्या छटा मुद्दाम फिक्या ठेवतात आणि उरलेले काम शाईवर सोपवतात.

काचेच्या जाळ्या आता गेल्या. ठिपके संगणक रचतो. पण त्यामुळे एक नवी काटकसर आली आणि कागदावरच्या एक्स-रेचे मर्म तिच्यात आहे. प्रिंटरच्या खोक्यावर ६०० डीपीआय असे लिहिलेले असते. म्हणजे इंचात ६०० सूक्ष्म कण ठेवता येतात. ऐकायला आकडा भारदस्त वाटतो. पण हे कण सगळे एकाच काळेपणाचे. करड्या छटेसाठी अनेक कण एकत्र करून एक ठिपका बांधावा लागतो. इंचाला १०० ठिपक्यांची जाळी हवी असेल तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला सहा गुणिले सहा असे ३६ कण येतात. एकही काळा नाही, एक काळा, दोन काळे, असे करत ३६ पर्यंत. एकूण ३७ छटा झाल्या. चित्र अधिक तपशीलवार हवे म्हणून जाळी १५० ची केली तर वाट्याला चार गुणिले चार कण येतात आणि छटा १७ वर घसरतात. उलट जाळी ७५ ची केली तर आठ गुणिले आठ, म्हणजे ६५ छटा मिळतात, पण ठिपके नजरेला खुपू लागतात. एका खिशातून काढून दुसऱ्यात घालायचे, इतकेच. मोठ्या छापखान्यात प्लेट २४०० डीपीआयवर तयार होते, तिथे १५० च्या जाळीतही ठिपक्यामागे २५६ कण मिळतात आणि दोन्ही हौशी भागतात. टेबलावरच्या प्रिंटरला ते परवडत नाही.

यावर उपाय म्हणून ठिपके समान अंतरावर न ठेवता विखरून टाकायची युक्तीही आहे. १९७०च्या दशकात फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी सुचवलेल्या पद्धतीत एका कणाच्या जागी झालेली छटेची चूक शेजारच्या कणांवर वाटून दिली जाते. इंकजेट प्रिंटर अशाच धाटणीच्या पद्धती वापरतात आणि त्यात कडा बऱ्या टिकतात. तरी मूळ व्यवहार सुटत नाही. छटा मिळवायची तर जागा खर्च करावी लागते.

हा व्यवहार जिथे चालणार नव्हता, अशी दोन कामे नाशिकरोडला होतात आणि दोन्ही ठिकाणी ठिपक्याला वाट काढून दिली गेली आहे. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ मध्ये सुरू झाला. त्याआधी भारताची टपाल तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. तिकिटावरचा चेहरा जेमतेम एक सेंटिमीटर रुंदीचा असतो. वर्तमानपत्राच्या जाळीने तो छापला तर एवढ्या रुंदीत तेहतीस ठिपके बसतील, एका डोळ्याच्या वाट्याला पाचसहा. माणूस ओळखू येणे मुश्कील. म्हणून फोटोसारखी तिकिटे ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापतात. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये निघालेली गांधीजींची तिकिटे स्वित्झर्लंडहून अशीच छापून आणली होती. नाशिकला हे तंत्र १९५२ मध्ये आले. १ ऑक्टोबर १९५२ रोजी निघालेली संत आणि कवींची सहा तिकिटे, कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ, ही इथे ग्रॅव्ह्युअरवर छापलेली पहिली. या पद्धतीत तांब्याच्या रुळावर अतिशय बारीक खळगे असतात. आकाराने सारखे, पण खोलीने वेगवेगळे. खोल खळग्यात शाई जास्त राहते, उथळात कमी, आणि कागदावर शाईचा थरच जाड किंवा पातळ पडतो. म्हणजे इथे करडा रंग बराचसा खरा असतो, डोळ्याला चकवून निर्माण केलेला नसतो. ज्यांच्या घरी आजोबांचा तिकिटांचा जुना संग्रह असेल, त्यांनी यातले एखादे तिकीट आणि आजच्या पेपरातला फोटो एकाच भिंगाखाली धरून पाहावा.

दुसरे काम नोटांचे. नाशिकरोडचा करन्सी नोट प्रेस १९२८ पासून नोटा छापतो. शंभर किंवा पाचशेच्या नोटेवरचा गांधीजींचा चेहरा भिंगातून पाहिला तर तिथे रेघा दिसतात. सावलीच्या जागी जाड आणि जवळजवळ, उजेडात केसासारख्या आणि विरळ. वर शाईचा थर उचललेला, बोट फिरवले की लागणारा. यामागे सौंदर्यदृष्टी आहेच, पण बंदोबस्तही आहे. स्कॅनर किंवा झेरॉक्स यंत्र त्या रेघा आपल्या ठिपक्यांत बसवायला जाते आणि फसते. बारीक रेघा तुटतात, जवळच्या रेघा एक होतात, मधेच लाटांसारखी नक्षी उमटते.

ही लाटांची नक्षी कुठून येते, ते मच्छरदाणीच्या दोन पदरांतून दिव्याकडे पाहिले की कळते. दोन जाळ्या एकमेकींवर थोड्या सरकल्या की तिसरीच, दोन्हींत नसलेली मोठी नक्षी डोळ्यांसमोर तरळते. वर्तमानपत्रांच्या कार्यालयात हा प्रकार श्रद्धांजलीच्या जाहिरातींत कायम भेटतो. गेलेल्या माणसाचा वेगळा फोटो घरात नसतो, म्हणून ओळखपत्रावरचा किंवा जुन्या छापील पत्रिकेतला फोटो मोबाइलमध्ये टिपून पाठवला जातो. तो फोटो आधीच ठिपक्यांचा असतो. त्यावर मोबाइलच्या सेन्सरची जाळी, मग छपाईची जाळी. शेवटी आजीच्या गालावर चौकटीचे कापड पांघरल्यासारखे दिसते. मूळ फोटो मिळाला तर हा त्रास होत नाही, मग तो कितीही पिवळा पडलेला असो, कारण जुन्या फोटोच्या कागदातली चांदी सलग छटा देते.

आता तो ए-फोर कागद पुन्हा हातात घेऊ. छातीचा डिजिटल एक्स-रे साधारण तीन हजार गुणिले तीन हजार बिंदूंचा असतो आणि बहुतेक यंत्रांत प्रत्येक बिंदूला ४०९६ पर्यंत छटा नोंदवता येतात. तोच एक्स-रे ६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरवर, १०० च्या जाळीने, वीस सेंटिमीटर रुंदीत छापला असे धरा. रुंदीत तीन हजार बिंदूंच्या जागी उरतात आठशेपेक्षा थोडे कमी ठिपके, आणि ४०९६ छटांच्या जागी ३७. ठळक कडा, जसे बरगडीचे किंवा हृदयाच्या सावलीचे टोक, या ठिपक्यांतूनही चांगल्या दिसतात, कारण ठिपका अर्धवट कापलेला असला तरी कड कळते. बरगड्या मोजता येतात त्या यामुळेच. बळी जातो तो एकमेकींच्या अगदी जवळ असलेल्या दोन करड्या छटांमधल्या फरकाचा.

आणि छातीच्या एक्स-रेत आजार बऱ्याचदा तिथेच लपलेला असतो. क्षयाच्या किंवा न्यूमोनियाच्या सुरुवातीचा धुरकट डाग आजूबाजूच्या फुप्फुसापेक्षा किंचितच पांढरा असतो. छातीत फुप्फुसाबाहेर हवा साचली तर फुप्फुसाच्या कडेची केसासारखी एक रेघ हाच पुरावा असतो. मनगटातल्या स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाला गेलेली चीर चांगल्या फिल्मवरही पहिल्या दिवशी हुलकावणी देते, मग ठिपक्यांच्या कागदावर तिची काय कथा! त्यातून प्रिंटरच्या जाळीची स्वतःची नक्षी असतेच. फुप्फुसाच्या काही आजारांत एक्स-रेवर बारीक जाळीसारखी रचना दिसते. समोरची जाळी आजाराची की प्रिंटरची, असा प्रश्न डॉक्टरांना पडता कामा नये.

याशिवाय कागद तरी किती काळा होणार? फिल्मचा सर्वांत काळा भाग दिव्याचा हजारांतला एखादाच हिस्सा पार जाऊ देतो. लेझर प्रिंटचा काळा रंग मात्र कागदावर पडलेल्या उजेडाचा तिसावा भाग तरी परत पाठवतो, आणि वर्तमानपत्रातला काळा जवळपास दहावा. सर्वांत काळे आणि सर्वांत पांढरे यांतली दरीच उथळ झाली की मधल्या पायऱ्या दाटीवाटीने बसतात.

याहून मोठे नुकसान वेगळेच आहे आणि ते फिल्मलाही थोडेबहुत लागू होते. संगणकाच्या पडद्यावर डॉक्टर एक्स-रेचा उजेड आणि गडदपणा हवा तसा हलवतात. एकदा हाड नीट दिसेल असा, एकदा हृदयामागचा कोपरा उजळेल असा. सीटी स्कॅनमध्ये तर फुप्फुस, मेंदू आणि हाड यांसाठी वेगवेगळ्या खिडक्याच ठरलेल्या असतात. चार हजार छटांचा साठा असतो म्हणून हे जमते. छापताना मात्र कोणी तरी एकच खिडकी निवडलेली असते. बाकीचे त्या कागदावर अस्पष्ट नसते, मुळी नसतेच. भिंग लावूनही ते परत येत नाही.

म्हणून कागदी एक्स-रे देणारा प्रत्येक जण फसवतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरकलेले मोडके हाड, प्लास्टरनंतर नीट बसलेले हाड, स्क्रू किंवा प्लेटची जागा, हे कागदावर पुरेसे कळते. घरच्यांना समजावून सांगायलाही कागद सोयीचा. शिवाय ज्या केंद्रात रेडिओलॉजिस्टनी मूळ प्रतिमा पडद्यावर पाहून लेखी अहवाल दिला आहे, तिथे निदान आधीच झालेले असते आणि कागदाचे मोल एखाद्या पावतीइतके असते. गोंधळ होतो तो पावतीलाच माल समजून दुसऱ्या डॉक्टरांपुढे ठेवली की. त्याच कागदाचा मोबाइलवर फोटो काढून तो व्हॉट्सॲपवरून पाठवला तर पंचाईत आणखी वाढते. ठिपक्यांवर सेन्सरची जाळी चढते आणि पाठवताना ॲप फोटो दाबून लहान करते तो भाग वेगळाच.

एक्स-रे काढतानाच एक वाक्य बोलले तर पुढचा बराच खर्च आणि दुसऱ्यांदा किरणे घेणे टळू शकते: "मूळ फाइल द्या." वैद्यकीय प्रतिमांच्या या फाइलला डायकॉम म्हणतात. ती सीडीवर, पेन ड्राइव्हवर किंवा लिंकने देता येते आणि कोणत्याही शहरातले डॉक्टर ती उघडून हवी ती खिडकी लावू शकतात. गावात ते शक्य नसेल तर फिल्म मागावी. डिजिटल एक्स-रेच्या फिल्मवर छापणारी यंत्रे उष्णतेने किंवा लेझरने प्रत्येक बिंदू कमीजास्त काळा करतात, तिथे ठिपक्यांची उसनवारी नसते. कागदच मिळाला तर निदान त्याबरोबरचा लेखी अहवाल सोडू नये आणि कागदाची घडी छातीच्या मधोमध घालू नये.

सोनोग्राफीच्या त्या छोट्या चकचकीत फोटोंची गोष्ट मात्र निराळी आहे. ते फोटो उष्णतेने काळ्या होणाऱ्या खास कागदावर येतात आणि त्यांतला करडा रंग बिंदूगणिक खरा असतो. पोटातल्या बाळाचा पहिला फोटो म्हणून अनेक घरांत तो जपून ठेवतात. फक्त हा कागद उष्णतेलाच ओळखतो. उन्हात, गाडीच्या काचेशी किंवा वर्षानुवर्षे प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिला तर तो फिका पडतो, आणि टिकावा म्हणून लॅमिनेशनला दिला तर यंत्रातून पूर्ण काळा होऊन बाहेर येतो. झेरॉक्स काढून ठेवावी, तर तिथे पुन्हा ठिपके. त्याचा चांगल्या उजेडात स्कॅनरवर किंवा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावा, आणि तो घरी आल्याच्या आठवड्यातच घ्यावा.